घरचं घेवड्याचं बियाणं विरळ उगवतंय, बायोस्टिम्युलंटमध्ये भिजवून पेरावं का?

वसनाकाठ

नमस्कार मंडळी. आमचं गाव कोरेगाव तालुक्याच्या उत्तर भागात आहे. खरिपात घेवडा आणि तो निघाला की त्याच रानात शाळू, हे आमच्याकडं वाडवडिलांपासून चालत आलंय. आता बरंचसं रान घेवड्याच्या 'वरुण' जातीखाली असतं. आईनं मात्र तिच्या एका पट्टीत वाघ्या घेवडा हट्टानं टिकवलाय. दोन्हीचं बियाणं घरचंच.

गेल्या खरिपात वाघ्या झकास उगवला, पण वरुण विरळ झाला. ओळीत कुठं कुठं हात-हातभर जागा मोकळी. उकरून बघितलं तर काही बिया फुगून कुजलेल्या. काहींचं रोप वर आलं होतं, पण शेंड्याला पानंच नाहीत, नुसतं हिरवं दांडकं उभं. नांग्या भरल्या, म्हणजे मोकळ्या जागी पुन्हा बी टोकलं, पण पीकच सत्तर-पंचाहत्तर दिवसांचं. मागून आलेलं रोप पुढच्याच्या सावलीत खुंटतं आणि शेंगा धरेपर्यंत पाऊस निघून जातो.

यंदा दुकानदार सांगतो की समुद्री शैवाल, ह्यूमिक आणि अमिनो असं तिन्ही एकत्र असलेली बायोस्टिम्युलंटची, म्हणजे वाढीला चालना देणाऱ्या द्रव्यांची बाटली आली आहे. लिटरभर पाण्याला ५ मिली टाकायचं, बी रात्रभर भिजवायचं आणि सकाळी पेरायचं. मेलेलं बीसुद्धा उठतं म्हणे. बाटली स्वस्त नाही, म्हणून घ्यायच्या आधी विचारतोय. घेवड्याला कुणी वापरलंय का? किती वेळ भिजवायचं? सोयाबीनसाठी आणलेलं रायझोबियमचं (मुळांवर गाठी आणून नत्र देणाऱ्या जिवाणूचं) एक पाकीट शिल्लक आहे, ते याला चालेल का?

माहिती म्हणून सांगतो, वरुणची मळणी मशीनवर झाली होती आणि बी पोत्यात ठेवलंय. वाघ्या आईनं काठीनं बडवून पत्र्याच्या डब्यात ठेवलाय.

बीजताई

दादा, बाटलीचं नंतर बोलू. आधी त्या नुसत्या दांडक्यांचं बोलू या.

मी बीजपरीक्षण प्रयोगशाळेत नोकरी केली. ओले कागद उलगडायचे आणि मोड मोजायचे, हेच आयुष्यभराचं काम. मूळ आहे, देठ आहे, पण डाळींच्या मधला शेंडाच नाही, अशी रोपं घेवड्यात आम्हाला नेहमी दिसायची. ती आम्ही उगवलेल्यात धरत नसू, विकृत रोपांच्या रकान्यात लिहीत असू. रोप जिवंत असतं, हिरवंही असतं, पण त्याचं पुढं झाड होत नाही. आणि याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, मळणीत बसलेला मार.

घेवड्याचं बी हातात घेऊन बघा. डोळ्याच्या बाजूला, दोन डाळींच्या कडेला अंकुर बसलेला असतो आणि त्याच्यावर पांघरूण म्हणून फक्त पातळ साल. बी कडकडीत वाळलेलं असताना ड्रमचा मार बसला की वरून काही दिसत नाही, पण आत डाळीला आडवी चीर जाते, नाहीतर शेंडा तुटतो. तुटलेला शेंडा कुठल्याही औषधानं परत येत नाही. तुमचा काठीनं बडवलेला वाघ्या उगवला आणि मशीनमधला वरुण विरळ झाला, यात जातीचाही थोडा भाग असेल, साठवणुकीचाही असेल. माझा संशय मात्र मळणीवरच जास्त आहे.

आज घरीच तपासा. वरुणच्या १०० बिया साध्या पाण्यात टाका आणि पाच-दहा मिनिटांनी बघा. ज्यांची साल अखंड आहे त्या तशाच राहतात. ज्या एवढ्यात फुगल्या किंवा सुरकुतल्या, त्यांची साल फुटलेली आहे. सोयाबीनवाले ही परीक्षा करतात, घेवड्यालाही ती चालते.

आता रात्रभर भिजवण्याचं. ते अजिबात करू नका, मग पाण्यात बाटली असो वा नसो. मटकी रात्रभर भिजवली की मोड येतात, मग घेवड्याला का नाही, असं मला कितीतरी शेतकऱ्यांनी विचारलंय. मटकीचा दाणा केवढासा! आणि स्वयंपाकघरात आपण ती नंतर उपसून फडक्यात बांधतो, तिला हवा मिळते. शिवाय चार दाण्यांना मोड आले नाहीत तर उसळीला काही फरक पडत नाही. घेवड्याचं मोठं, कोरडं बी पाण्यात बुडवलं की पाणी आत मुसंडी मारतं. कोरड्या बीतल्या पेशींचे पडदे तेव्हा नीट सांधलेले नसतात. त्यांना सावकाश ओल मिळाली तर ते जुळून येतात. पाणी एकदम घुसलं तर सांधायच्या आतच फाटतात आणि बीमधली साखर, अमिनो आम्लं, पोटॅश बाहेर पाझरतं. त्या पाण्याचा फेस आणि गढूळपणा तुम्ही पाहिला असेल. तो बीचाच शिधा बाहेर आलेला असतो. मातीत हा गोड पाझर लागला की पिथियमसारख्या बुरशा तिथं धावून येतात. तुम्हाला सापडलेल्या फुगून कुजलेल्या बिया अशाच गेल्या असणार. वर रात्रभर पाण्याखाली बीला प्राणवायू मिळत नाही, ते वेगळंच. बी जितकं कोरडं आणि साल जितकी फुटकी, तितकं हे नुकसान मोठं. पांढऱ्या सालीचं बी रंगीत बीपेक्षा भरभर पाणी ओढतं. तुमचं दोन्ही बी रंगीत आहे, एवढी तरी बाजू बरी.

मग बाटलीचा उपयोग काय? उपयोग आहे, पण दुकानात सांगतात तो नव्हे. शैवालाचा अर्क म्हणजे बहुतेक वेळा एक तर अटलांटिकच्या थंड किनाऱ्यावरचं ॲस्कोफायलम, नाहीतर आपल्याकडं तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लावतात ते कप्पाफायकस. त्याचा रस काढण्याची पद्धत भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेनं बसवली. यात पोटॅश असतं, काही खास शर्करा असतात, आणि सायटोकायनिनसारखी संप्रेरकं अगदी अल्प प्रमाणात. ह्यूमिकनं मुळांच्या केसाळ भागाची वाढ सुधारते. अमिनो म्हणजे फोडलेली प्रथिनं. पण घेवड्याच्या डाळींत पहिल्या आठवड्याची शिदोरी आधीच भरलेली असते. तिथं बाहेरून अमिनो देऊन मोठा फरक पडेल असं मला वाटत नाही. जिवंत बी थोड्या अडचणीत असेल, म्हणजे माती गार असेल, जरा खारवट असेल किंवा ओल कमी पडली असेल, तर अशा अर्कानं ते लवकर आणि एकसारखं वर येऊ शकतं, मूळही जास्त फुटतं. मेलेलं बी उठत नाही. शंभरातल्या वीस बिया मेलेल्या असतील, तर बाटलीनंतरही त्या वीस मेलेल्याच.

आणि मात्रा! ही द्रव्यं थोडी दिली तर वाढीला चालना देतात आणि जास्त झाली तर तीच उगवण दाबतात. अर्कात क्षार असतात. घट्ट द्रावणात बीला पाणी ओढायलाच जड जातं.

बाटली घेतलीच असेल, किंवा लहान पुडी मिळत असेल, तर पेरणीआधी ओल्या टॉवेलात बी उगवून बघा, असे चार टॉवेल लावा. एकात कोरडं बी. दुसऱ्यात नुसतं पाणी चोळलेलं. तिसऱ्यात बाटलीची अर्धी मात्रा, चौथ्यात पूर्ण. दुसरा टॉवेल अजिबात गाळू नका, माझं सगळं सांगणं त्या टॉवेलासाठी आहे. लोक औषध लावलेलं ओलं बी आणि कोरडं बी शेजारी पेरतात. ओलं एक दिवस आधी उगवतं आणि श्रेय बाटलीला मिळतं. तो दिवस पाण्यानं वाचवलेला असतो. बाटलीनं काय केलं हे नुसत्या पाण्याशी तुलना केल्यावरच कळतं.

प्रत्येक टॉवेलात १०० बिया एकमेकींना न चिकटवता मांडा, वर दुसरा ओला थर, गुंडाळी करून सावलीत उभी ठेवा. ओलसर हवं, पाणी निथळायला नको. प्रयोगशाळेत घेवड्याची पहिली मोजणी पाचव्या दिवशी आणि शेवटची नवव्या दिवशी करतात. मोजताना मूळ, देठ आणि शेंडा तिन्ही शाबूत असलेलीच रोपं धरा. प्रमाणित बियाण्याला किमान ७५ टक्के उगवण लागते. आणि दोन टॉवेलांत पाच-सात बियांचा फरक आला म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका. शंभर बियांत एवढा फरक नुसत्या योगायोगानंही पडतो. म्हणूनच प्रयोगशाळेत एका नमुन्याच्या ४०० बिया लावतात.

रायझोबियमचं पाकीट सोयाबीनलाच वापरा. सोयाबीनच्या गाठीचा जिवाणू वेगळा, घेवड्याचा वेगळा. पाकिटावर राजमा किंवा घेवडा लिहिलेलं असेल तरच घ्या. तसंही राजम्याला आपल्याकडच्या जमिनीत गाठी फार कमी येतात. म्हणूनच इतर कडधान्यांपेक्षा त्याला नत्र जास्त द्यायची शिफारस असते.

माणदेशी रान

ताईंनी बीचं सगळं सांगितलं, मी मातीचं सांगतो. आमच्याकडं माण तालुक्यात पाऊस यायचा तर धो-धो येतो, आणि दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन. रानाला वरून पापुद्रा धरतो. हरभऱ्याचं काही अडत नाही, त्याच्या डाळी मातीतच राहतात आणि बारीक कोंब वर निसटतो. घेवडा आपल्या दोन्ही डाळी मान वाकवून वर ओढत आणतो. पापुद्रा कडक असला की मानच मोडते. उकरलं की पिवळी पडलेली, वेटोळं झालेली रोपं सापडतात. वसनाकाठ, तुम्हाला तशी दिसली होती का? दिसली असतील तर कुठल्याच बाटलीचा उपाय नाही. आम्ही रोपं दिसायच्या बेतात असताना बाभळीची फांदी हलक्या हातानं रानावरून फिरवतो, ऊन तापायच्या आत. तुषार असेल तर थोडा वेळ चालवून पापुद्रा मऊ करायचा. आणि पेर वाफशावरच, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी असताना, दोन बोटांपेक्षा फार खोल जाऊ द्यायची नाही.

शैवालाबद्दल माझं मत ताईंपेक्षा थोडं जास्त चांगलं आहे. मी ते बीला चोळतो आणि दर वेळी पाभरीचा एक पट्टा नुसतं पाणी चोळून ठेवतो, म्हणजे ताईंच्या दुसऱ्या टॉवेलासारखाच. उगवण दोन्हीकडं सारखीच असते, ते खरं. पण उगवल्यावर पावसानं ओढ दिली की चोळलेल्या पट्ट्यातली रोपं दुपारी उशिरा माना टाकतात आणि संध्याकाळी लवकर सावरतात. उपटून बघितलं तर मुळांचा झुबका दाट दिसतो. आमच्यासारख्या कोरडवाहू माणसाला एवढंही खूप आहे. बागायत असती तर मी तो खर्च केला नसता.

बीजताई

माणदेशी दादा, पट्टा कोरा ठेवता हे वाचून फार बरं वाटलं. माना उशिरा टाकण्याचं निरीक्षण महत्त्वाचं आहे, ते टॉवेलात कधीच दिसणार नाही. जमलं तर यंदा दोन्ही पट्ट्यांतली काही रोपं मुळासकट काढून, धुऊन, शेजारी ठेवून फोटो टाका.

सेवा केंद्र, फलटण बाजू

मी स्वतः कृषी सेवा केंद्र चालवतो, त्यामुळं विकणाऱ्याच्या बाजूनं चार गोष्टी.

बायोस्टिम्युलंट फेब्रुवारी २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आलेत. त्याआधी यांना धड खत म्हणता येत नव्हतं, धड कीटकनाशकही नाही. कुणीही बाटली भरायचा आणि विकायचा. नंतर कंपन्यांना तात्पुरत्या नोंदणीवर विकायची मुभा होती, ती मुदत जून २०२५ मध्ये संपली. आता ज्या उत्पादनाचा तपशील केंद्रानं राजपत्रात मंजूर केलाय तेच विकता येतं. त्या मंजुरीत घटक, पीक आणि मात्रा लिहिलेली असते. म्हणून लेबल वाचताना तीन गोष्टी बघा. घटकांची टक्केवारी आहे का, पीक कोणतं लिहिलंय, आणि वापर फवारणीचा आहे की बीजप्रक्रियेचा. बऱ्याच बाटल्या टोमॅटो, मिरचीसारख्या पिकांवर फवारायच्या असतात. फवारणीचं "लिटरला ५ मिली" हे माप उचलून बी भिजवायला सांगणं बरोबर नाही. तुमच्या बाटलीवर बीजप्रक्रिया लिहिलेली नसेल तर दुकानदाराला ते माप कुठून आणलं हे विचारा. तो तुमचा हक्क आहे. आणि बिल पक्कं घ्या, त्यावर लॉट नंबर हवा. बिलाशिवाय पुढं तक्रारच उभी राहत नाही.

आणखी एक. जिबरेलिक ॲसिड हे बायोस्टिम्युलंट नाही, ते वाढ नियंत्रक आहे आणि १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतं. उगवणीसाठी म्हणून कुणी ते घेवड्याला लावायला सांगितलं तर लावू नका. घेवड्याच्या बीला सुप्तावस्था, म्हणजे ओल मिळूनही न उगवण्याची झोप, नसते, त्यामुळं मोडायचं असं काही नसतंच. रोपं मात्र उंच आणि लेचीपेची होतात.

वसनाकाठ

सगळ्यांचे आभार. ताई, तुम्ही सांगितलं तसंच केलं, आईला सोबत घेऊन.

पाण्याच्या परीक्षेत वरुणच्या बऱ्याच बिया दहा मिनिटांत सुरकुतल्या, वाघ्याच्या मोजक्याच. बाटली मी घेतली नाही, चुलतभावानं आणली होती तिच्यातलं थोडं मागून घेतलं. लेबल वाचलं, त्यावर फक्त फवारणी लिहिली आहे.

टॉवेलांचं सांगतो. वरुणचा कोरडा टॉवेल, १०० पैकी ६४ नीट. नुसतं पाणी चोळलेला ६६, अर्धी मात्रा ६७, पूर्ण मात्रा ६१. म्हणजे तुम्ही म्हणालात तसं, फरक म्हणावा असा नाहीच. अर्ध्या मात्रेच्या टॉवेलात मुळं जरा जास्त फांद्यांची दिसली, ते आईनंच आधी दाखवलं. विनाशेंड्याची दांडकी चारही टॉवेलांत सारखीच. वाघ्या नुसता कोरडा लावला होता, तो ८८.

माणदेशी दादा, वेटोळी रोपं नव्हती. आमची पेर झाल्यावर रिपरिपच होती, पापुद्रा धरला नाही.

आता हे ६४ वालं बी पेरावं की बाहेरून घ्यावं? आणि पेरायचं तर कसं?

बीजताई

आईंना माझा नमस्कार सांगा. मुळांच्या फांद्या ज्यांना आधी दिसल्या त्यांनाच बी निवडायला बसवा.

६४ हे प्रमाणित बियाण्याच्या खाली आहे, पण टाकून देण्याइतकं वाईट नाही. बाहेरचं बी खात्रीचं मिळत असेल तर घ्या, मात्र पेरण्याआधी तेही टॉवेलात लावा. घरचंच पेरायचं तर आधी चाळा आणि मग सुपात घेऊन निवडा. फुटक्या सालीचं, चिरलेलं, कडा उडालेलं, भुंग्यानं भोक पाडलेलं सगळं बाजूला. निवडून झालं की पुन्हा १०० बिया टॉवेलात लावा. सालीला मार बसलेल्या बिया निघाल्या की आकडा वर सरकेल.

मग बियाण्याचं माप त्या आकड्यावर ठरवा. एकरी ३० किलो हे माप आपण साधारण ८० टक्के उगवण धरून वापरतो असं समजा. उगवण ६४ असेल तर ३० ला ८० नं गुणा, ६४ नं भागा, साडेसदतीस किलो येतात. निवडल्यानंतर ७२ आली तर सव्वातेहेतीस किलोंत भागेल. नांग्या भरण्यापेक्षा हे बरं, कारण सगळी रोपं एका वयाची राहतात. टॉवेलात बीला सगळं हातात मिळतं, रानात नाही, म्हणून एखादा किलो जास्तच ठेवा.

पेरणीच्या आदल्या दोन दिवशी पोतं उघडून बी घरात सावलीत पातळ पसरा. जूनची हवा दमट असते, ती ओल बी सावकाश घेतं आणि मग मातीतलं पाणी त्याला एकदम झोंबत नाही. भिजवण्याचा जेवढा फायदा हवा होता तेवढा असाच मिळतो, तोट्याशिवाय.

बीजप्रक्रिया पेरणीच्या सकाळी करा. किलोभर बियाण्याला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (बी कुजवणाऱ्या बुरशांना अडवणारी मित्रबुरशी), आणि ते चिकटण्यापुरतं पाणी, किलोला १० मिलीपेक्षा जास्त नको. ताडपत्रीवर बी घ्या आणि ताडपत्रीची टोकं धरून हलवा. हातानं चोळू नका, ओल्या घेवड्याची साल सुटून येते. सावलीत अर्धा तास सुकवा आणि पेरा. घरी बीजामृत करणाऱ्यांनाही हेच सांगते, शिंपडून हलवा, बुडवून ठेवू नका. चुलतभावाची बाटली त्या पाण्यात घालू नका, लेबलवर बीजप्रक्रिया नाही. तिचं काय होतं ते बघायचं असेल तर उगवल्यावर लेबलच्या मापानं दोन ओळींवर फवारा आणि शेजारच्या दोन ओळींवर नुसतं पाणी.

पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी यंदाच एक कोपरा ठरवून टाका. रोगट आणि भेसळीची रोपं शेंगा धरायच्या आत उपटा. त्या कोपऱ्यातला घेवडा मशीनवर न्यायचा नाही. शेंगा वाळल्या, पण दाणा अजून कडकडीत झाला नाही, अशा वेळी काठीनं बडवा. त्यानंतर बी चांगलं वाळवा. प्रमाणित बियाण्यात ९ टक्क्यांपेक्षा जास्त ओल चालत नाही, तुम्हीही तेच डोळ्यांपुढं ठेवा. बीची ओल एका टक्क्यानं उतरली की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा आमच्याकडं ढोबळ नियम आहे. आणि पोत्यात नको, वाघ्यासारखं घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. पोत्यातलं बी अख्ख्या पावसाळ्यात हवेतली ओल ओढत राहतं.

माणदेशी रान

डबा भरताना झाकणाला मेण नाहीतर चिकटपट्टी लावा, भुंग्यालाही वाट राहत नाही. वसनाकाठ, आईंचा वाघ्या मूठभर मिळेल का बियाण्याला? बदल्यात आमच्या माळावरची मटकी पाठवतो.

वसनाकाठ

नक्की देतो. आई म्हणते निवडलेलाच देऊ. वरुण निवडायला बसलोय, टॉवेल परवा लावतो आणि आकडा इथं टाकतो.